सोलं कमी पडली

सन १९६७, फेब्रुवारीतला एक शुक्रवार. रक्कम एकशे वीस रियाल, म्हणजे आपले साधारण एकशे नव्वद रुपये. हजर मोठी माणसं तीन: मी, माझी बायको मरियम आणि कासमभाई. रक्कम बिस्किटांच्या डब्यात होती. मरियमचं मुंबईच्या बोटीचं डेकचं तिकीट ऐंशी, आमच्या पोरीचं अर्धं चाळीस. दुबईला येऊन दोघींना चार महिनेही झाले नव्हते, आणि मरियमने सांगून टाकलं होतं, "मला इथे करमत नाही. पुढच्या बोटीने मला हर्णैला पाठवा."

असल्या घरात जेवायला आलेल्या माणसाने जपून बोलावं. कासमभाईंनी सुरमईच्या कालवणाचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "भाभी, सोलं कमी पडली."

मरियमने पुढची भाकरी त्यांच्या ताटात जरा उंचावरून टाकली.

कासमभाई दुबईतल्या देरा भागातल्या बाजारात, एका कापडाच्या दुकानात विक्रीला होते. मी तिथेच हिशेब लिहायचो. राहायलाही ते आमच्या शेजारच्या खोलीत, एकटे; बायको जुलेखा गावाकडे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला हा माणूस मनाचा डॉक्टर झाला तो एका पुस्तकामुळे. बोटीवरच्या कुणा गोऱ्या इंजिनीअरने ते इंग्रजी पुस्तक दुकानात विसरून ठेवलं होतं. माणसाचं मन कसं चालतं, हा त्याचा विषय. पण त्याची पुढची पानं नव्हती आणि मागचीही नव्हती. त्यामुळे मन म्हणजे काय, हे कासमभाईंना ठाऊक नव्हतं आणि त्यावर इलाज काय, हेही नाही. मधलं सगळं पाठ होतं.

"कारण असतं, हबीबी," हे त्यांचं पालुपद. "विनाकारण काही नसतं." 'नुसतं बघतोय' म्हणणारं गिऱ्हाईक हमखास घेतं, कारण त्याने आधीच स्वतःची समजूत घालायला सुरुवात केलेली असते. दोन मित्र तिसऱ्याची निंदा करतात, कारण एकमेकांची करायची सोय नसते. एका सकाळी दुकानाचे शेठ सगळ्यांवर ओरडत होते. कासमभाई म्हणाले, "शेठ रागावलेले नाहीत, भुकेले आहेत. खजूर द्या." खजूर दिले. शेठची दाढ दुखत होती. त्या दाढेत खजूर अडकला आणि कापड मोजायचा गज आमच्या डोक्यावरून गेला.

"निदान चुकलं," मी म्हणालो.

"निम्मं," कासमभाई म्हणाले. "रागावलेले नव्हते, हे बरोबर आलं ना?"

मी आकड्यांचा माणूस. त्यांची निदानं मनात मोजत गेलो. दहातली सहा बरोबर येत. नाणं उडवून पाच आली असती.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, असं मरियम मानते. त्यावर कासमभाईंनी तिला ऐकवलं, "भाभी, मागून हाक मारली आणि पाय मुरगळला, हे जन्मभर लक्षात राहतं. हाक मारली आणि काहीच झालं नाही, ते कोण लक्षात ठेवतं? वहम इथेच तयार होतो." मरियम म्हणाली, "तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा."

पुढच्या शुक्रवारी तिने कोकमाची सोलं वाढवली. कासमभाई म्हणाले, "आता नारळ मागे पडला." त्याच्या पुढच्या शुक्रवारी, "सगळं ठीक आहे. पण माझी आई कालवण करायची..." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मरियम आठवडाभर धुमसत होती. शेजारच्या बायकांना विचारून तिने चांगला नारळ कुठे मिळतो ते शोधलं. अब्र्यात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत बसून पलीकडच्या बाजारात गेली, कोळ्याशी अरबीत भांडून आली. त्या नादात बोट येऊन गेली आणि डब्याची कोणाला आठवण झाली नाही.

मी मात्र चिडलो होतो. दुकानात त्यांना म्हणालो, "बायको आधीच उदास, आणि तुम्ही तिच्या हाताला नावं ठेवता?"

"कालवण पहिल्या दिवसापासून उत्तम आहे," ते म्हणाले. "पण चांगलं म्हटलं असतं, तर त्या रडल्या असत्या. चिडलेलं माणूस ट्रंक भरत नाही. त्याला आधी जिंकायचं असतं."

मी घरी येऊन हे मरियमला सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्यांची जुलेखा? ती का नाही येत इथे?"

पुढच्या शुक्रवारी तिने त्यांनाच विचारलं. कासमभाई म्हणाले, "पुढच्या बोटीला बघू, इन्शाल्ला."

"येशील का म्हणून विचारलंत कधी तिला?"

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग हळूच म्हणाले, "विचारलं नाही, तर नकार येत नाही, भाभी."

"तुमच्या पुस्तकात हे पान फाटलेलं दिसतं," मरियम म्हणाली, आणि त्यांना आणखी कालवण वाढलं.

मरियमचा भाऊ बोटीवर खलाशी आहे. तिने परस्पर त्याच्याकडे निरोप दिला. पुढच्या खेपेला तो उत्तर घेऊन आला: "जुलेखाभाभी म्हणाल्या, एवढं विचारायला इतकी वर्षं? ट्रंक केव्हाची भरून ठेवली आहे."

कासमभाईंनी त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. कारण मात्र सांगितलं नाही.

जुलेखाभाभींची बोट यायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून खाडीकडे निघाले. टोपी विसरली म्हणून मी मागून हाक मारली, "कासमभाई."

ते जागीच थांबले. वळले नाहीत. "मागून हाक मारू नका हो," म्हणाले, "आजचा दिवस."

मी वळसा घालून पुढे गेलो आणि समोरून टोपी दिली.

जुलेखाभाभींच्या तिकिटाचे पैसे कासमभाई देणार होते, पण मरियमने ऐकलं नाही. डब्यातले ऐंशी रियाल बोटीच्या एजंटाला दिले, मुंबई ते दुबई तिकिटापोटी. उरलेले चाळीस भांडीवाल्याला, मोठ्या पातेल्याचे.