फोटोमागची ओळ

“वेबसाइट काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!” खुर्चीवाले अण्णा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे आणि लगेच आवाज खाली आणून जोडायचे, “उजवा हात सूनबाईचा. डाव्यात माझा चहाचा कप होता.”

खरं म्हणजे सगळं काम सुनेनंच केलं होतं. वेबसाइटी बनवणं हा तिचा धंदाच. (अण्णांचा धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा, जोडधंदा घरच्यांच्या खोड्या काढण्याचा.) पान तयार झालं तशी ती म्हणाली, “अण्णा, प्रत्येक फोटोमागे एका ओळीत वर्णन लिहायचं. ती ओळ पानावर दिसत नाही. पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना फोन ती वाचून…”

“पानावर दिसत नाही?” अण्णांचे डोळे चकाकले. “तुझ्या सासूलाही?”

“नाही, पण…”

पुढचं ऐकायला अण्णा जागेवर होतेच कुठे! चाळीस वर्षांच्या संसारात बायकोबद्दल मनमोकळं बोलायला अशी जागा कधी मिळाली नव्हती. एका बोटानं टकटक करत त्यांनी दोन दिवसांत सगळे रकाने भरून टाकले.

आठवड्याभरानं गाण्याच्या शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्यात फोन. शाळेच्या सभागृहासाठी साठ खुर्च्या हव्या होत्या. साठ! वर्षभर दुकानात दिवसाला एखादं मोडकं स्टूल यायचं, तेही पत्ता चुकून आल्यासारखं. ही ऑर्डर मिळाली तर दुकान तगणार होतं, नाहीतर शटर खाली.

“बाकीच्यांच्या पानांवर माझा फोन नुसतं ‘फोटो, फोटो, फोटो’ करतो,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे मात्र सगळं कळलं. थांबा, मला हवी ती खुर्ची ऐकवतेच.”

अण्णांच्या हातातला वेत गळून पडला. शेजारीच काकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, कान टवकारून उभ्या होत्या. अण्णा जोरजोरात खोकायला लागले.

फोनचा आवाज खोकल्याहून खणखणीत निघाला. “पहिला फोटो. डावीकडे स्टूल, उजवीकडे माझा मेव्हणा. दोघांपैकी स्टूल कामाला येतं.”

कोपऱ्यात पॉलिश करणाऱ्या मेव्हण्याचा हात थांबला. (तसा तो सकाळपासून थांबलेलाच होता.) अण्णांनी हातोडी उचलली आणि समोरच्या खुर्चीवर ठोकाठोक सुरू केली.

“अहो, ती धडधाकट खुर्ची आहे!” काकू ओरडल्या. “ऐकू द्या की जरा!”

“दुसरा फोटो. हातांची खुर्ची. तीत आमची बायको बसली आहे. खुर्ची अजून उभी आहे. मजबुतीचा यापेक्षा मोठा पुरावा आमच्याजवळ नाही.”

काकूंनी पदर कमरेला खोचला.

“हीच ती खुर्ची!” बाई म्हणाल्या. “पण लिहिलेलं खरं आहे की नाही, ते मला कळायला हवं. या बायको कुठे भेटतील?”

“मीच ती,” काकू म्हणाल्या.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. साठ खुर्च्या आता काकूंच्या जिभेवर टांगलेल्या होत्या, आणि ती जीभ अण्णांनीच चाळीस वर्षं घासून धार लावून ठेवलेली.

काकू त्या खुर्चीत दणकन बसल्या. “ऐका. कुरकुरते का?”

“अजिबात नाही.”

“पंधरा वर्षं दुपारची झोप मी हिच्यातच काढते. हलवून बघा.”

बाईंनी हलवली, दाबली, विणीवरून बोटं फिरवली. “साठ. पक्कं!”

अण्णांचा जीव भांड्यात पडला. (भांडं मात्र काकूंच्या हातात होतं.)

“आता लिहून घ्यायला मालकांना बोलवा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोनवर बोट टेकवलं.

“तिसरा फोटो. दुकानाचे मालक. उंच, रुबाबदार, दाट काळे केस. वय पस्तिशीच्या आत.”

काकूंनी अण्णांकडे पाहिलं. चकचकीत टकलापासून पायातल्या झिजक्या सपातांपर्यंत, अगदी सावकाश.

“असा माणूस इथं नाही हो, बाई,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला कुठे भेटलाच, तर माझा नंबर द्या त्याला.”