दरवाजा ग्राहकाने पुरवावा

कोणतीही संस्था मोठी झाली, की तिला आपल्याच जागेत राहणं कमीपणाचं वाटू लागतं. दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कंपनीचंही तसंच झालं. कारखाना होता, कार्यालय होतं, पंखे होते, वेळेवर चहा होता. नव्हतं ते फक्त भविष्य. म्हणून संगणकातल्या आभासी जगात एक नवंकोरं कार्यालय बांधण्यात आलं. प्रत्येकाला डोळ्यांवर चढवायला एकेक जाडजूड चष्मा आणि आत वावरायला एकेक अवतार मिळाला.

बिजागरी विभागाचे प्रमुख, म्हणजे सगळ्यांचे बिजागरीकाका, यांचा अवतार सहा फुटी, सपाट पोटाचा आणि गुडघे न दुखणारा होता. (काकूंनी तो पाहून विचारलं, "अहो, हा कुठे मिळतो?")

फायदे पहिल्याच आठवड्यात दिसले. काकांचं आणि रंगविभागाच्या बाईंचं टेबल वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून होतं. आता दोघं आभासी सभागृह ओलांडून भेटत, एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड देत आणि व्यावसायिक ओळख वाढवल्याबद्दल गुण मिळवत. 'हस्तांदोलनातून नेतृत्व' असं प्रशिक्षणही झालं. चौऱ्याण्णव टक्के उत्तीर्ण झाले (उरलेल्यांचे हात समोरच्याच्या पोटात अडकले होते). धंद्याचं म्हणाल, तर एका कंपनीने चक्क चारशे दारांची चौकशी केली. तीही कंपनी आभासीच निघाली, पण सुरुवात म्हणून वाईट नाही.

राहता राहिली एक बारीकशी उणीव. मोठ्या साहेबांच्या आभासी केबिनला दार नव्हतं. बांधणाऱ्यांनी करारात स्वच्छ लिहिलं होतं, 'दरवाजा ग्राहकाने पुरवावा.' आता दारांच्या कंपनीने दार बाहेरून आणायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. कंपनीने तत्परतेने आपलं सर्वोत्तम, पॉलिश केलेलं, सात फुटी लाकडी दार संगणक विभागात पाठवून दिलं. ते आत कसं घालायचं यावर समिती बसली. तोवर ते त्या विभागाच्याच दाराला बाहेरून टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे सोमवारपासून तो विभाग आतच होता. चहा फटीतून जाई.

आणि नेमकी याच आठवड्यात काकांना रजा हवी होती. फार नाही, गुरुवारची अर्धी. काकू हौशी मंडळाच्या नाटकात घरमालकीण झाल्या होत्या. आधीच्या दोन्ही नाटकांना काका पोचले नव्हते. एकदा ऑडिट आडवं आलं, एकदा काका स्वतःच सोफ्यावर आडवे झाले. काकूंनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "यंदा तुमची खुर्ची रिकामी दिसली ना, तर पुढच्या वेळेपासून ती मी दुसऱ्याला देईन." त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं, असं काकांना वाटलं.

पण नव्या परिपत्रकानुसार रजा मागायची ती आभासी केबिनमध्ये समक्ष हजर राहूनच. काकांच्या अवताराने भिंतीवर टकटक केली.

"या, या!" आतून साहेब म्हणाले.

"कुठून येऊ, साहेब?"

"ते मी कसं सांगणार? मी आत आहे."

काकांनी चष्मा काढला, उठले आणि चार ढांगांत साहेबांच्या खऱ्या केबिनच्या खऱ्याखुऱ्या, सताड उघड्या दारात जाऊन उभे राहिले. "साहेब, गुरुवारी जरा..."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला नाही. दुखावल्या स्वरात ते म्हणाले, "काका, तुम्ही इतके जुने माणूस. निदान तुम्ही तरी असं मागच्या दाराने येऊ नका हो."

गुरुवार उजाडला. भिंत होती तिथेच. तीन वाजता काकांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी आपला चष्मा टेबलफॅनच्या डोक्यावर चढवला. फॅन डावीकडून उजवीकडे फिरू लागला, तशी अवताराची मानही फिरू लागली. काका चपला हातात घेऊन जिना उतरले. त्यांना प्रचंड भीती वाटत होती आणि आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

(त्या दुपारच्या सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे: 'बिजागरी विभागप्रमुखांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे कमालीच्या संयमाने ऐकून घेतले.' त्यांना महिन्याचे उत्कृष्ट सहभागी घोषित करण्यात आले. मोठे साहेब केबिनमध्ये अविचल बसून होते. त्यांच्या चिंतनात व्यत्यय नको म्हणून तीन प्रस्ताव त्यांच्या मौनावरच मंजूर झाले.)

इकडे पडदा वर गेला. काकू दिमाखात रंगमंचावर आल्या, पहिल्या रांगेतली ती खुर्ची भरलेली पाहिली आणि पहिलंच वाक्य विसरल्या. मग अशा काही खुदकन हसल्या, की प्रेक्षकांना वाटलं नाटकात तसंच लिहिलंय. काकांनी जीव तोडून टाळ्या वाजवल्या. मोलकरीण आली, तेव्हा शेजारच्या माणसाने त्याहून जोरात वाजवल्या. काकांनी मान वळवली. मोठे साहेब! मोलकरीण म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती होत्या.

दोघांनीही चटकन माना रंगमंचाकडे वळवल्या.

"चष्मा कुठाय?" समोर बघतच साहेब कुजबुजले.

"फॅनवर. आपला?"

"फुलदाणीवर," साहेब म्हणाले, आणि घसा खाकरून पुढे म्हणाले, "तुमची ती रजा... मंजूर बरं का."

ती सभा अजूनही चालू आहे आणि उपस्थिती शंभर टक्के आहे. वाचकहो, हसायला आमची काहीच हरकत नाही. फक्त आधी एकदा बघून घ्या: आत्ता हे वाचता वाचता तुम्ही ज्या मीटिंगला हजर आहात, तिथला तुमचा माइक बंद आहे ना?