फिनलंडचा ओत्सो आणि अवनीचं बोरन्हाण

माणसाला जे हक्काने मिळतं त्याची त्याला किंमत नसते; तेच जिंकून मिळालं, की तो त्याचा फोटो काढून गावी पाठवतो. हे सत्य आपल्या पूर्वजांना ठाऊक असणारच. पण त्याची रीतसर अंमलबजावणी करण्याचा मान दुबई मरीनातल्या एका कंपनीकडे जातो. ही कंपनी सत्तावीस टॉवरांचे एसी, लिफ्ट आणि रहिवाशांचे रुसवेफुगवे सांभाळते. तिथे पूर्वी रजा अर्ज करून मिळायची. अर्ज केला, सही झाली, माणूस विमानात बसला, इतका बेचव कारभार. रजेवरून परतलेल्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता औषधालाही सापडत नसे.

मग जनरल मॅनेजर राजाभाऊंना गोल्फचा नाद लागला. वाळवंटात पाणी ओतून हिरवळ उगवायची, आणि ती उगवली की तिच्यात मुद्दाम खड्डे खणून वाळू भरायची, असा हा उदात्त खेळ. दर जानेवारीत दुबईत त्याची मोठी स्पर्धा भरते. जानेवारीतच कंपनीतल्या निम्म्या लोकांना गावी जायचं असतं. या दोन गोष्टी एकाच महिन्यात येतात हे हजारो लोकांनी पाहिलं होतं. त्यांचा संबंध जोडायला मात्र राजाभाऊ जन्मावे लागले.

योजना अशी. जानेवारीअखेरच्या आठवड्यात एकाच माणसाला रजा देता येते. इच्छुकांनी स्पर्धेतला एकेक खेळाडू निवडायचा. ज्याचा खेळाडू सर्वांत वर येईल, त्याला रजा. एकच खेळाडू दोघांनी निवडला असेल, तर जो सेवेने ज्येष्ठ, त्याला. (पैशांची पैज इथे कायद्यात बसत नाही, आणि कंपनी कायद्याबाहेर पाऊल टाकत नाही. रजेच्या पैजेबद्दल कायदा काय म्हणतो हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणजे तो काही म्हणत नसावा.)

"यात वशिला नाही, लाडका-दोडका नाही," राजाभाऊ मीटिंगमध्ये म्हणाले. "चेंडूला कुणाची ओळख नसते, हबीबी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुभ्रानेही वाजवल्या.

शुभ्रा तक्रार विभागात होती. तिची मुलगी अवनी नऊ महिन्यांची. सांगलीला शुभ्राच्या आईने अवनीच्या पहिल्या बोरन्हाणासाठी काळा फ्रॉक शिवून ठेवला होता आणि हलव्याचे दागिने करायला घेतले होते. मुकुट झाला होता, बाजूबंद व्हायचे होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, पण रथसप्तमीनंतर चालत नाही. आणि पहिलं बोरन्हाण दुसऱ्यांदा येत नाही.

"पण रजा तर तुझीच आहे ना? वर्षभराची साठलेली?" शुभ्राचा नवरा निनाद अवनीचं नाक पुसता पुसता म्हणाला. तो जेबेल अलीच्या गोदामात कामाला होता, आणि तिथे अजून सुधारणा पोचल्या नव्हत्या.

"त्याचं वेगळं असतं रे," शुभ्रा म्हणाली. "तू आधी डायपर दे."

शुभ्रासमोर दोन अडचणी होत्या. पहिली, तिची ज्येष्ठता. बाळंतपणाच्या रजेनंतर सेवा नव्याने मोजायची तिथे पद्धत होती. (ही पद्धत कुणी सुरू केली हे कुणालाच आठवत नाही, म्हणजे ती परंपराच.) तेव्हा तिचा खेळाडू दुसऱ्या कुणीही निवडला, अगदी गेल्या महिन्यात लागलेल्या ऑफिस बॉयनेही, तरी तिची रजा बुडाली. दुसरी अडचण जरा सन्मानाची होती. स्पर्धेआधी सर्व कर्मचाऱ्यांना खेळाडूंची माहिती देणारा लेख लिहायचं काम राजाभाऊंनी तिच्याकडे दिलं. तिच्या बायोडेटात छंद या रकान्यात 'लेखन' असं होतं.

"सर, मला गोल्फमधलं काही कळत नाही."

"उत्तम! म्हणजे मन कोरं. यल्ला, चल, गुरुवारपर्यंत दे."

शुभ्राने इंटरनेटवरचे तज्ज्ञ वाचायला घेतले. वाचायला तिला दिवसातून दोनदा वेळ मिळे, स्टोअररूममध्ये, फिनाइलच्या डब्यांच्या सोबतीत, अवनीसाठी दूध काढताना. यंत्र घरघरत असायचं आणि समोरच्या फोनवर कुठला तरी तज्ज्ञ बजावत असायचा की वारा पडला आणि चेंडू नीट गेला, तर अमुक खेळाडूला संधी आहे. मात्र चेंडू नीट न गेल्यास चित्र पालटू शकतं. तिने हिशेब मांडला. तज्ज्ञांचा अंदाज शंभरातून सहा वेळा बरोबर येतो. उरलेल्या चौऱ्याण्णव वेळा तो उद्बोधक ठरतो.

तिथेच तिला ओत्सो भेटला. फिनलंडचा. यादीत इतका खाली की तिथवर पोचता पोचता तज्ज्ञांची विशेषणं संपलेली. त्याच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं होतं, गेल्या वर्षात तुमचा खेळ का घसरला? त्यावर तो म्हणाला होता, "आम्हाला बाळ झालं. तेव्हापासून मी जागा आहे."

शुभ्रा एकटीच हसली. बाटली हिंदकळली. हा आपल्यातला, तिने ठरवलं, आणि अर्जावर ओत्सोचं नाव घातलं.

आता त्याला कुणी निवडू नये याची व्यवस्था करणं भाग होतं. गोल्फ येत नसलं, तरी शुभ्राने चुलत-मावस मिळून नऊ बहिणींची स्थळं कागदावर उतरवली होती. लेख तिने त्याच शास्त्राने लिहिला.

"डंकन, ऑस्ट्रेलिया. खांदे भरदार, स्वभाव शांत, अविवाहित. घरी एक कुत्रा, तोही आज्ञाधारक. झोप साडेआठ तास, सलग. अशी स्थळं हल्ली राहत नाहीत."

"पीटर, दक्षिण आफ्रिका. लांबचा फटका उत्तम, जवळचा बेताचा. थोडक्यात, पाहुण्यांत गोड आणि घरात चिडका. पुढे जाण्याआधी चौकशी करावी."

"ओत्सो, फिनलंड. कुटुंबवत्सल, हाच मोठा दोष. ज्याच्या घरी तान्हं मूल आहे त्याचं लक्ष कामात नसतं, हात थरथरतो, आणि ऐनवेळी त्याला काहीतरी आठवतं. अशा व्यक्तीवर कोणत्याही महत्त्वाच्या बाबतीत विसंबू नये."

शेवटचं वाक्य टाइप करताना तिला जरा लागलं. शर्टावर दुधाचा डाग पडला होता. तिने त्यावर ओढणी ओढली आणि लेख पाठवून दिला.

लेख तुफान गाजला. एचआरच्या प्रमिलाताईंनी त्यातला ओत्सोचा परिच्छेद कापून धोरणांच्या फाइलमध्ये लावला आणि शुभ्राचं नाव नव्या प्रोजेक्टच्या यादीतून काढलं. ("तूच लिहिलंयस ना गं? इतकं स्पष्ट कुणी मांडलं नव्हतं!") अर्ज आले एकोणीस. त्यांतल्या सतरा जणांनी डंकन निवडला, राजाभाऊंसकट. (त्यांना रजा नको होती. त्यांना न्याय बघायचा होता.) एकाने पीटर. शुभ्राने ओत्सो.

डंकनवाल्यांत सर्वांत ज्येष्ठ होता शौकत. राजापूरचा, लिफ्ट विभागातला, शुभ्राच्याच इमारतीत एक मजला खाली राहणारा. दिवसभर अवनीला त्याची बायको सुरैय्या सांभाळायची. गावी त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

"शुभ्राबाय, तुझा लेख वाचून डंकन घेतला गो मी," कारपूलमध्ये तो म्हणाला. "साडेआठ तास सलग झोप! असला माणूस हरेल काय?"

शुभ्रा खिडकीतून बाहेर बघत राहिली. शेख झायेद रोडवर बघण्यासारखं नेहमीच बरंच काही असतं.

अंतिम दिवशी, रविवारी, कंपनीने सर्वांना सहकुटुंब मैदानावर बोलावलं. आनंद ऐच्छिक होता, हजेरी सक्तीची. सगळे कंपनीच्या टोप्या घालून शेवटच्या भोकाभोवती उभे राहिले. निनादने एक कॉफी घेतली, दर पाहिला, आणि "पस्तीस दिरहम, म्हणजे साडेआठशे रुपये!" असं मोठ्याने म्हणाला. एका स्वयंसेवकाने 'शांतता' असं लिहिलेली पाटी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

आणि नवल असं की शेवटी उरले दोघेच, डंकन आणि ओत्सो. दोघांची बरोबरी. डंकनचा चेंडू भोकापासून दोन हातांवर, ओत्सोचा चांगला बारा हातांवर. ओत्सोच्या डोळ्यांखाली काळं होतं, आणि त्याच्या टीशर्टच्या खांद्यावर एक पांढरट डाग होता. टीव्हीवर तो प्रायोजकाच्या चिन्हासारखा दिसत असेल. शुभ्राने मात्र तो ओळखला.

ओत्सोने काठी टेकवली आणि नेमक्या त्या क्षणी स्ट्रोलरमधल्या अवनीने टाहो फोडला.

गोल्फच्या मैदानावरची शांतता ज्यांनी अनुभवली नाही त्यांना या टाहोचं मोल कळणार नाही. हजार माना वळल्या. चार पाट्या वर गेल्या. राजाभाऊंनी आपण या लोकांबरोबर नाही असा चेहरा केला.

"अगं तिला उचल, उचल!" निनाद कुजबुजला.

"आंटी, शी इज नॉट क्राइंग," शौकतची सात वर्षांची इन्शा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. "शी इज ओन्ली प्रॅक्टिसिंग."

ओत्सोने वर पाहिलंसुद्धा नाही. बाळ झाल्यापासून तो याच सुरावर जेवत होता, दात घासत होता, विमानं पकडत होता. उलट त्याचे खांदे जरा सैल झाले, घरी आल्यासारखे. त्याने हलकेच ढकललेला चेंडू बारा हात शहाण्या मुलासारखा चालत गेला आणि भोकात पडला.

मग डंकनची पाळी. अवनी दम घेऊन नव्याने सुरू झालेली. डंकन वाकला, थांबला, मागे सरला. पुन्हा वाकला. अवनीने तार सप्तक गाठलं. साडेआठ तास सलग झोपणाऱ्या त्या सुखी जिवाने असं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याचा चेंडू भोकाच्या कडेने गेला आणि पुढे जाऊन थांबला.

सतरा टोप्या एकदम खाली आल्या. शौकतने एकदा चेंडूकडे पाहिलं, एकदा अवनीकडे. मग तिला स्ट्रोलरमधून उचलून खांद्यावर घेतलं. ती लगेच गप्प झाली.

"आईचं ईदनंतर करू," तो म्हणाला. "मोतीबिंदू काय, पळून थोडाच जातो."

सोमवारी लेखी हरकत आली: 'स्पर्धेच्या निकालावर तान्ह्या बाळाचा अनुचित प्रभाव'. चौकशी समिती नेमली गेली. प्रमिलाताई अध्यक्ष. समितीच्या तीन बैठका झाल्या, पैकी दोन चहाच्या. अवनीचा जबाब घेण्याचाही प्रयत्न झाला. तिने अध्यक्षांचा चष्मा तोंडात घातला, तशी नोंद आहे. अखेर समितीने बिनतोड निष्कर्ष काढला. शुभ्राच्याच लेखानुसार तान्हं मूल माणसाची कामगिरी बिघडवतं. तेव्हा मूल मैदानावर आणून तिने स्वतःच्याच खेळाडूचं नुकसान करायचा प्रयत्न केला, असं दिसतं. स्वतःचं नुकसान करणारा कर्मचारी प्रामाणिकच असतो. सबब, निर्दोष. रजा मंजूर.

मंजुरीची ईमेल आली तेव्हा रथसप्तमीची संध्याकाळ होती. रजा दुसऱ्या दिवसापासून होती.

इंटरनॅशनल सिटीतल्या शुभ्राच्या फ्लॅटमध्ये तोवर पाट मांडून झाला होता. दुबईला निघालेल्या कुणाबरोबर तरी सांगलीहून काळा फ्रॉक आला होता, आणि हलव्याचा मुकुटही, दोन ठिकाणी मोडलेला. सुरैय्याने करामाच्या बाजारातून बोरं आणली होती आणि अवनीला दुखू नये म्हणून एकेक दाबून मऊ तेवढीच निवडली होती. चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, गोळ्या असं सगळं अवनीच्या डोक्यावरून सांडलं. इन्शा खाली बसून गोळ्या गोळा करत होती. अवनीने मुकुट काढला आणि खायला घेतला.

फोन पाण्याच्या बाटलीला टेकून ठेवला होता. त्यात सांगलीची आजी होती. "मी पण टाकते गं," ती म्हणाली, आणि तिने तिकडून मूठभर चुरमुरे उधळले. ते तिच्याच फोनवर पडले. थोडा वेळ पडद्यावर नुसते चुरमुरेच दिसत राहिले, आणि त्यांच्या मागून आवाज येत राहिला, "पडले का? तिच्यावर पडले का?"

"पडले, आई," शुभ्रा म्हणाली. "बरोब्बर पडले."

मग तिने मंजुरीच्या ईमेलचा फोटो काढून आईला पाठवला. आजीने चुरमुरे पुसून तो पाहिला. "जिंकलीस की गं पोरी! एवढ्या जणांतून!" तिचा ऊर भरून आला. शुभ्राचाही आला. सुरैय्याने टाळ्या वाजवल्या, आणि शौकतने घसा खाकरला.

"ईदच्या रजेला टेनिस ठेवलंय राजाभाऊंनी," तो म्हणाला. "लेख तूच लिहिणार ना गो? या वेळी जरा मला आधी सांग."

शुभ्राने मान डोलावली. कोणत्या खेळाडूच्या घरी पाळणा हलतोय हे ती बघूनच ठेवणार होती.

"मी काय म्हणतो," निनाद केसांतला चुरमुरा काढत म्हणाला, "ती रजा तर मुळात तुझीच..."

"श्श्!" सगळे एकदम म्हणाले. इन्शाने पाटी धरावी तसा हात वर केला.

वाचकांनी निनादला हसू नये. हा प्रश्न त्याने याच गोष्टीत एकदा आधीही विचारला होता, बाळाचं नाक पुसताना. तेव्हा तुम्हीही थांबला नाहीत. शीर्षकातला ओत्सो कधी येतो ते बघायची घाई होती.

टेनिससाठी नावं गुरुवारपर्यंत द्यायची आहेत. तुमचा खेळाडू ठरला असेलच.