दत्तूअण्णांची जुनी डिस्क

दत्तूअण्णा कंप्युटरचं बटण दाबायचे आणि उठून उभे राहायचे. पडद्यावर ढग यायचे, खालची पट्टी सरकत राहायची, आतून घरघर ऐकू यायची आणि तेवढा सगळा वेळ हा साठीचा गृहस्थ धोतराचा सोगा हातात धरून उभा. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तर त्यालाही उठवायचे. "मोठं माणूस उठालंय, आणि आपण बसून राहायचं होय?" शेवटी पडद्यावर चित्रं दिसली की "हं, बसा आता" म्हणायचे. मग सगळे बसायचे. अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांनाही ही सवय लागून गेली होती. एकदा मीही उभा राहिलो. कंप्युटर दुरुस्त करणारा माणूस कंप्युटरला मान देऊन उभा राहिलेला बघितलाय का कुणी? मी राहिलो. न राहून करतो काय, त्यांनी माझा स्टूलच ओढून घेतला होता.

अण्णांचं दुकान कमरीपेठेत. धंदा बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा. घराणं मूळचं मिरजेकडचं, हुबळीत येऊन तीन पिढ्या झालेल्या. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि राग आला की दोन्ही एकदम. माझं दुकान कोप्पीकर रोडवर, एका जिन्याखाली. मी सुटे भाग आणून कंप्युटर जोडून द्यायचो. शतक बदलायच्या थोडं आधी अण्णांच्या मुलीनं हट्ट धरला आणि त्यांचा कंप्युटर माझ्याच हातून जोडला गेला. पोरगी पुढं लग्न होऊन पुण्याला गेली. कंप्युटर आणि अण्णा माझ्या गळ्यात पडले ते कायमचे.

मला ते "मिस्त्री" म्हणायचे. सुरुवातीला मी चिडलो. म्हटलं, "अण्णा, मी डिप्लोमा केलाय."

"बरं झालं की! आमच्या गवंडी मिस्त्रीनं तेवढाही केला नाही."

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे 'इरली बिड्री'. असू द्या, सोडा हो. छप्पर गळतंय, इरली बिड्री. हमाल आला नाही, इरली बिड्री. फक्त कंप्युटरच्या बाबतीत ते काहीच सोडायला तयार नसत. त्याचा उल्लेख नेहमी आदरार्थी. सकाळी सकाळी फोन यायचा, "मिस्त्री, कालपासून त्यांना जरा बरं नाही." पहिल्या वेळी मी घाबरून विचारलं, "कुणाला? काकूंना?"

"काकूला काय धाड भरलीय! ह्यांना."

एका खंडेनवमीला तर त्यांनी कहरच केला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. तराजू, वजनं, पोती शिवायचं दाभण, सगळं धुऊन पुसून देवापुढं मांडतात. अण्णांनी कंप्युटरही मांडला. इथपर्यंत ठीक. पण उदबत्ती लावायला जागा सापडेना, म्हणून त्यांनी ती कॅबिनेटच्या मागच्या भोकांत खोचली. वर पूजेच्या वेळी देव जागे पाहिजेत म्हणून कंप्युटर चालू! पंख्यानं धूर ओढला, राख ओढली, आणि मी उघडून बघतो तर आत नुसती धुनी पेटल्यासारखी अवकळा. मी ब्रश घेऊन राख झाडत बसलो आणि हे शेजारी उभे राहून म्हणतात, "पण वास किती छान आला बघा."

त्यानंतरच्या वर्षी डिस्क बोलायला लागली. टक, टक, मग थांबायची, परत टक टक. आमच्या धंद्यात हा आवाज म्हणजे घरच्यांना बोलावून घ्या असं सांगणारा. मी अण्णांना समजावलं. ही चार जीबीची डिस्क आता जाणार. आज जाईल, नाहीतर उद्या. नवी चाळीस जीबीची घालू, थोडी मेमरी वाढवू, विंडोजही जुनं झालंय, नवं चढवू. सगळं कसं चकाचक होईल.

"आणि आतलं?"

"आतलं काय काय आहे? हिशेब?"

"हिशेब आमचे वहीत असतात हो. ह्यांच्यात पत्ते आहेत."

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच त्या कंप्युटरवर दुसरं काही नव्हतं. इतकी वर्षं मी ह्या यंत्राची राख झाडली, त्याचा पंखा बदलला, त्याच्यासाठी उभा राहिलो, आणि अण्णा त्यावर रोज दुपारी जेवण झाल्यावर पत्ते खेळायचे. दुसरं काही म्हणजे काही नाही. मी म्हटलं, "अण्णा, पत्ते नव्या विंडोजमध्येही असतात. फुकट असतात."

"ते पत्ते न्हवं. आमचे पत्ते. ते जसेच्या तसे गेले पाहिजेत. नाही तर मला नवं काही नको."

त्यांनी मला दाखवलं. बदामाचा डाव. चौघांचा खेळ, एक आपण आणि तीन गडी कंप्युटरचे. बदामाचं पान अंगावर आलं की एक गुण चढतो, इस्पिकची राणी आली तर तेरा, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. कंप्युटरच्या तीन गड्यांची नावं बदलता येतात. मुलीनं लग्नाआधी गंमत म्हणून बदलून ठेवली होती. दादा, नाना, बापू. अण्णांचे तिघे थोरले भाऊ.

दिवाळीच्या पाडव्याला हे चौघे दुकानात पोत्यांच्या थप्पीवर बसून दिवसभर पत्ते खेळायचे, असं कमरीपेठेतले जुने लोक सांगतात. मग बापू वारले. नाना मुलाकडं मिरजेला गेले. दादा समोर होते. समोर म्हणजे अगदी समोर, रस्त्यापलीकडं, त्यांचंही बारदानाचंच दुकान. पण वाटणीच्या वेळी वडिलांची जुनी पाटी कुणाच्या दुकानावर लागायची ह्यावरून दोघांचं वाजलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. तिघांत सगळ्यात लांब गेलेले तेच.

"नावंच आहेत ना? मी नव्यात परत घालून देतो," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. "नाव घातलं म्हणजे माणूस आलं होय? ह्यांना आमचा खेळ ठाऊक आहे. बापू कसे लबाडी करतात बघा एकदा."

आता ह्यावर काय वाद घालायचा? मी म्हटलं ठीक आहे, डिस्कच्या डिस्क उतरवून घेऊ, त्यावरच नवं विंडोज चढवू. ती टकटक करणारी डिस्क तेवढा वेळ तग धरेल का, एवढाच प्रश्न होता. घाई करायला हवी होती. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी सकाळी नवी डिस्क घेऊन हजर झालो, आणि तिथंच चुकलो. ती खंडेनवमी होती.

पूजा मांडलेली होती. कंप्युटर बंद, वर झेंडूची माळ. निदान उदबत्ती या वेळी बाहेर होती. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला, पुसला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि दाभणाच्या शेजारी देवापुढं ठेवून दिला.

"अहो अण्णा, हे काय?"

"आज हत्यारं विश्रांतीला असतात, मिस्त्री. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"अण्णा, डिस्क मरायला टेकलीय! एकेक दिवस महत्त्वाचा आहे."

"आजारी माणसाला विश्रांती नको? बसा, पुरणपोळी खाऊन जा."

मी पुरणपोळी खाल्ली. रागानं दोन खाल्ल्या.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी परत गेलो. देवापुढचा माझाच स्क्रूड्रायव्हर मला प्रसादासारखा दोन्ही हातांनी मिळाला. कॅबिनेट उघडलं. आता ह्यात एक भानगड असते. एका केबलवर दोन डिस्का जोडायच्या तर एकीला मास्टर करायचं आणि दुसरीला स्लेव्ह, म्हणजे एक मालक, एक चाकर. मागं एक बारीक टोपण असतं, ते हलवून हे ठरवायचं. अण्णांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. मूर्खपणा केला.

"मालक कोण?"

"नवी."

"आणि जुनी चाकर? कालचं पोर मालक, आणि घरचं थोरलं माणूस चाकर? तुमच्याकडं अशी रीत आहे काय?"

"अण्णा, तास-दोन तासांचा प्रश्न आहे."

"एक मिनिट असलं तरी थोरले ते थोरलेच."

शेवटी मी जुनीलाच मास्टर केलं. तसंही चालतं. दिवसभराच्या विश्रांतीनं म्हणा, थंड झाल्यामुळं म्हणा, डिस्क सुरू झाली. अण्णांनी देवीला हात जोडले. मी मनात जोडले. धंद्यात असली कबुली द्यायची नसते.

नकल उतरत होती. बाहेर रस्त्यावर दसऱ्याची गडबड. आमच्याकडं त्या दिवशी लोक एकमेकांना बन्नीची, म्हणजे शमीची पानं देतात, सोनं म्हणून. वर्षभराचा भांडणतंटा असला तरी त्या दिवशी पान हातात ठेवायचं आणि सोन्यासारखं राहू या म्हणायचं. अण्णांच्या दुकानात माणसं येत होती, पानं देत होती, पाया पडत होती. तीच माणसं रस्ता ओलांडून दादांकडं जात होती. दादा पायरीवर खुर्ची टाकून बसलेले. अण्णा आत गादीवर. मधे एक रिक्षा जाईल एवढा रस्ता, आणि दोघांपैकी कुणीही तो ओलांडला नाही. बघून बघून मलाच अवघडल्यासारखं झालं.

जुनी डिस्क शेवटपर्यंत टिकली. ती काढून ठेवली, मेमरी घातली, नवं विंडोज चढवलं. संध्याकाळ झाली. पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवीगार टेकडी आली. अण्णांनी टेकडीकडं संशयानं बघितलं आणि म्हणाले, "हे धारवाडकडचं दिसतंय. पत्ते उघडा."

मी पत्ते उघडले. चार बाजूंना पानं वाटली गेली. अण्णांचं नाव खाली होतं. बाकीच्या तीन ठिकाणी दोन बायका आणि एक पुरुष, तिघंही इंग्रज.

अण्णा पुढं वाकले. "हे कोण?"

नावं आली नव्हती. सगळं आलं आणि तेवढंच कुठं राहिलं देव जाणे. मी जुनी डिस्क परत लावून बघितली. ती दोनदा टकटकली आणि गप्प झाली. तिच्यात आता काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, नावं घालतो. एका मिनिटाचं काम."

"तिघं गेले म्हणा की," अण्णा म्हणाले.

मी दिवसभर वाकून वाकून कंटाळलो होतो. फाडकन बोलून गेलो, "अहो, पण जुने तरी कुठं खरे होते?"

बोललो आणि जीभ चावली. अण्णा चिडले असते तर परवडलं असतं. ते नुसते पडद्याकडं बघत बसले. त्या तीन परक्या नावांकडं. आपल्याच घरात ओसरीवर पाहुणे बसलेत आणि घरची माणसं दिसत नाहीत, असा चेहरा. मला फार वाईट वाटलं. मी कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला. म्हटलं, "तुम्हीच घाला. तुम्ही घातलीत तर येतील."

त्यांनी आयुष्यात कधी काही टाइप केलं नव्हतं. डाव्या-उजव्या जागा नाना आणि बापूंना दिल्या. एकेक अक्षर शोधून, बोटानं जपून दाबून. मग समोरची जागा उरली.

"इथं कोण?" मी उगीच विचारलं.

"ते समोरच असतात," अण्णा म्हणाले. "डी कुठं आहे?"

मी डी दाखवला. बाकीचं त्यांनी स्वतः शोधलं.

डाव सुरू झाला. पहिले काही हात अण्णा दबून खेळले, नव्या घरी जेवायला बसल्यासारखे. मग बापूंनी एकदा बदाम त्यांच्या अंगावर ढकलला आणि अण्णा खूश होऊन ओरडले, "बघा, बघा! तीच खोड!"

पुढं किलवरचा हात आला. दादांचा एक्का वर होता, हात त्यांनाच जाणार. अण्णांकडं किलवर संपलेलं, आणि हातात इस्पिकची राणी. असा मोका दहा डावांत एकदा येतो. मी न राहवून म्हणालो, "अण्णा, टाका की राणी! जाईल दादांच्या गळ्यात. तेरा गुण!"

अण्णांनी चौकटची दुर्री टाकली.

"अहो, काय केलंत हे?"

"गप बसा हो मिस्त्री. त्यांना बीपी आहे. परवा दुकानात चक्कर येऊन पडले. समोरचा हमाल सांगत होता."

थोड्या वेळानं राणी त्यांच्याच अंगावर आली. तेरा गुण चढले. अण्णांनी एकदा रस्त्यापलीकडं बघितलं, दादांच्या दुकानातला दिवा अजून चालू होता, आणि मग त्यांनी पुढची पानं वाटायला घेतली.