दुसरं वळण

"पडद्यावरची गाडी कुनाचा माल पोचवते रे, चंदू?"

छत्तीस वर्षं उलटली, तरी हा आवाज चंद्रहासच्या उजव्या कानात मुक्कामाला होता. डाव्या कानाला त्याची खबर नव्हती, कारण बापानं धरला होता तो उजवा. नालासोपाऱ्याला स्टेशनाबाहेर व्हिडिओ गेमचं दुकान होतं, रुपयाला एक डाव. बारा वर्षांच्या चंदूनं स्टिअरिंग धरलं, पहिलं वळण झोकात घेतलं, आणि दुसऱ्या वळणावर बापाचा, रामनाथांचा, हात कानापाशी पोचला. बाहेर भुईगावच्या वाडीतल्या केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी उभी होती. "बैलांपाशी थांब, मी आलोच," म्हणाले, आणि बराच वेळ आले नाहीत. दुकानदाराशी भांडत असतील, असं चंदूला वाटलं. केळी त्या दिवशी न विकता परत आली आणि त्याचं खापरही त्याच्याच डोक्यावर फुटलं.

तोच चंदू आता विमा कंपनीत हेडक्लार्क झाला होता. कानावरचे केस पिकले, वळण मात्र मनात हिरवंच राहिलं. सहा महिने जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघबघून त्यानं गेमिंग कॉम्प्युटरची यादी केली होती. जात्यावरच्या बाईला गाणं यावं तशी ती त्याच्या ओठावर यायची: पहिली ओवी प्रोसेसरला, दुसरी मदरबोर्डाला, तिसरी ग्राफिक्स कार्डाला, तिथं जीव गुंतला. बेरीज सव्वा लाख. त्यावर एक रुपया जाणार नाही, असा शब्द त्यानं बायकोला, मीराला, दिला होता.

दुसराही एक शब्द दिला होता, तो खोटा होता. "ज्ञानदाच्या अभ्यासासाठी घेतोय," असं त्यानं घरात सांगितलं.

"मला लॅपटॉप आहे की, पप्पा," बीकॉमच्या दुसऱ्या वर्षातली ज्ञानदा म्हणाली.

"तो दमतो गं हल्ली."

मोठी खरेदी एकट्यानं करायची, हे त्यांच्या घरात बसत नव्हतं. लग्नाचा बस्ता बांधायला निघावं तशी दोन रिक्षा भरून माणसं वसईला स्टॅनीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात उतरली: मीरा, ज्ञानदा, मीराचा भाऊ परेश आणि ऐंशी पार केलेले रामनाथ.

"चंदू, वरात आणलीस होय!" स्टॅनी त्याचा शाळासोबती. यादी वाचून त्याच्या भुवया चढल्या. "एकदम कडक आहे रे."

"कडक म्हणजे महाग," मीरा म्हणाली. "हे ग्राफिक्स कार्ड काय आहे? एकटंच अर्धे पैसे खातंय."

"आलेखांना लागतं," चंद्रहास म्हणाला. "ताळेबंदाचे आलेख. ते फार उड्या मारतात."

"पप्पा, माझा ताळेबंद उड्या नाही मारत. तो नुसता जुळत नाही."

स्टॅनीला खोकला आला. "वहिनी, हल्लीचा ताळेबंद लई जड झालाय."

कार्ड बचावलं. पण मीराची नजर तोवर काचेच्या एका कॅबिनेटवर खिळली होती. त्यात इंद्रधनुष्याचे सगळे रंग पाळीपाळीनं फुगड्या घालत होते. "हेच घ्या. चार माणसं येतात घरी, काहीतरी दिसायला नको?" दिसण्याचे आठ हजार जास्तीचे होते. आता कात्री कुठं लावायची?

"भाऊजी, हा पॉवर सप्लाय नऊ हजारांचा?" सातिवलीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर असलेला परेश पुढे सरसावला. "डबा आतच राहणार ना? मग त्याला नाव कशाला पाहिजे? आमच्या शेजारच्या युनिटमध्ये बनतो. सहाशे रुपये. वर पंखा फुकट."

"परेशभाऊ, अख्खं घर त्याच डब्यावर उभं असतं," स्टॅनी कळवळून म्हणाला. "चंदू, तू तरी सांग ना."

चंद्रहासला हे पाठ होतं. कशातही वाचवा, पण पॉवर सप्लायमध्ये वाचवू नका, असं प्रत्येक व्हिडिओत ओरडून सांगितलं होतं. पण तोंड उघडलं असतं, तर मीराची कात्री परत कार्डाकडे वळली असती. त्यानं सहाशेच्या डब्याला मान डोलावली. बस्त्याची रीतच ती: शालूला हात सैल आणि अस्तराला आखडता. मांडवात शालू मिरवतो, आणि उसवतं ते अस्तर.

रामनाथ कशातच नव्हते. कोपऱ्यात गेम खेळायचं एक स्टिअरिंग मांडलं होतं. त्यांनी ते हळूच डावीकडे फिरवून पाहिलं आणि हात धोतराला पुसला.

कॉम्प्युटर घरी आला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, ज्ञानदानं ताळेबंद उघडला. शेजारची रोवेना डोकावून म्हणाली, "गे मीरा, मासे कधी सोडणार यात?" मीराचे आठ हजार तिथंच बुडाले.

गुरुवारी चंद्रहासनं अर्धी रजा टाकली. ज्ञानदा कॉलेजात, मीरा मिक्सरवर वाटण वाटतेय, रामनाथ ओटीवरच्या झोपाळ्यावर. "अपडेट करतो गं," म्हणून त्यानं दार लोटलं आणि शर्यत लावली.

पहिलं वळण लोण्यासारखं सुटलं. ताळेबंदानं त्या कार्डाची झोपसुद्धा मोडली नव्हती. आता ते जागं झालं आणि त्यानं पोटभर वीज मागितली. सहाशेच्या डब्यानं होती नव्हती ती दिली आणि दुसऱ्या वळणावर प्राण सोडला. फाट! इंद्रधनुष्य विझलं, घरचे दिवे गेले, मिक्सर घोगरून थांबला.

खोबऱ्याच्या हातानं मीरा दारात उभी. "अहो, काय फुटलं?"

"अपडेट."

"अपडेटला धूर येतो?"

त्यानं घाईघाईनं स्टॅनीला फोन लावला. घाईत तो स्पीकरवर लागला. "डबाच गेला असणार," स्टॅनीचा आवाज घरभर घुमला. "घेऊन ये, कार्ड जगलंय का ते बघतो. पण चंदू, खरं सांग, ताळेबंद किती स्पीडला होता?"

मीरानं फोनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ज्ञानदा कॉलेजात आहे. मग ताळेबंद चालवत कोण होतं?"

"मी," चंद्रहास म्हणाला. "मला गाडी चालवायची होती. पोरीचं नाव उगाच घेतलं."

"आणि डब्याचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. बोललो असतो तर तू कार्ड काढलं असतंस."

"काढलंच असतं!"

ओटीवर झोपाळ्याची कडी करकरली आणि थांबली.

"दुसऱ्या वळनावर गेली ना?" रामनाथांनी विचारलं.

चंद्रहासचा हात नकळत उजव्या कानावर गेला. "तुम्हाला काय माहीत, बाबा?"

म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला बैलांपाशी धाडला, तवा तुझा डाव उरला होता. रुपया फुकट कशाला घालवायचा, म्हनून बसलो. मग माझा एक घातला. मग आनखी चार. बाजारात पोचलो तर बाजार उठलेला. तुझ्या आयशीला सांगितलं, पोरानं उशीर केला." त्यांनी पायानं झोपाळ्याला हलकेच रेटा दिला. "मलापन नाय जमलं रे ते वळन."