दोन्ही बाजू विचारणारे दत्तूकाका

‘दत्तूकाका विकले गेले’ हे वाक्य मी लिहिलं नव्हतं. मी ते फक्त पुढे पाठवलं, सोबत एक हसरा चेहरा जोडून. काका माझे शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये नुसतं मेंदीचं कुंपण आहे.

काका आमच्या पोशीर गावातून जिल्ह्यातल्या एका दैनिकाला बातम्या पाठवतात. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय त्यांना काहीच खरं वाटत नाही. मांजरीनं दूध सांडलं म्हणून काकू ओरडल्या, तर काका मांजरीसमोर उकिडवे बसले.

“हिचं म्हननं काय हाय?”

“ती काय सांगनार? मिशीला साय हाय बघा.”

“मंग पुरावा हाय,” म्हणत काका उठले.

एकदा भजनस्पर्धेच्या बातमीत त्यांनी पहिला नंबर चुकीच्या मंडळाला दिला. दोन्ही मंडळं तावातावानं दारात आली. काकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची चूक छापून आणली.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी एक व्हिडिओ फिरला : सरपंचबाईंनी गुरचरण बिल्डरला विकलं. काका बाईंना भेटले, तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहिला. जमीन जागच्या जागी होती, व्हिडिओ भलत्याच गावचा होता. त्यांनी तसं छापलं. त्याच संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते ‘विकले गेले’चं वाक्य आलं. काका चार पावलांवर होते. मी विचारलं नाही.

रोज सकाळी काकांच्या ओट्यावर पेपर वाचायला माणसं जमत. ती येईनाशी झाली. काका तरीही खुर्च्या मांडायचे, पेपरचं एकेक पान एकेका खुर्चीवर ठेवायचे आणि दुपारी पानं पुन्हा जुळवायचे.

एक दिवस ते कुंपणापाशी आले. “प्रकाश, माज्याबद्दल काय फिरतंय ते वाचून दाखव रं. माज्या साध्या फोनात ते येत नाय.”

मी वाचलं.

“कोनी लिवलं?”

“पुढे पाठवत पाठवत आलंय, खाली नाव नाही, काका.”

“माजी बातमी चुकली तर लोकं माज्या दारात येतात. ह्याच्याकडं जायचं तर दार कुठं हाय?” मग ते हळूच म्हणाले, “भांडायला तरी कोनी यावं रं. ओटा लई मोठा वाटतो.”

मी कुंपणाला वळसा घालून ओट्यावर गेलो. एका खुर्चीवरचं पान उचलून मांडीवर घेतलं आणि बसलो.

“काका, तुम्हाला न विचारता मी हे सगळ्यांना पाठवलं. हसून पाठवलं. माझं चुकलं. जिथं पाठवलं तिथंच आता माझ्या नावानं तसं लिहितो. मला माफ करा.”