शेषरावकाकांची घसरगुंडी

साठी उलटलेला माणूस भर दुपारी, धोतराचा काचा मारून, घसरगुंडीवरून घसरतो आहे, असं दृश्य तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे, आणि तेही एकदा नव्हे. चढताना हाशहुश, माथ्यावर बसून गावाकडे एक नजर, मग "आधी मी, मंग लेकरं!" अशी आरोळी, की शेषरावकाका खाली. खाली आल्यावर उठायच्या आधी ते पत्र्याचे सांधे हातानं चाचपायचे आणि निकाल द्यायचे, "डाव्या अंगाले टोचते. काढा."

मेडशीच्या पुढे फाट्यावर उतरून आत गेलं की हे गाव लागतं. मी तिथल्या शाळेत गुरुजी होतो. 'होतो' म्हणालो, यातच पुढचं सगळं आलं. पण मी स्वभावानेच रडतराऊत, त्यामुळे शेवट आधी सांगायची मला सवय आहे.

शाळेतली पोरं दरवर्षी कमी होत होती. वाशिमच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन सकाळी फाट्यावर यायची आणि गळ्यात टाय बांधलेली लेकरं घेऊन जायची. पट आणखी घसरला तर शाळा बंद होईल, असं वरून तोंडी कळलं होतं. मी ते पारावर सांगितलं. लोकांनी "अरे अरे" केलं आणि तुरीच्या भावाकडे वळले. काका मात्र माझ्या मागे शाळेपर्यंत आले.

"गुरुजी, त्या व्हॅनवर चित्र कायचं हाय?"

"घसरगुंडीचं."

"मंग! लेकराले काय इंग्रजी समजते का? ते घसरगुंडी पाहून जाते. आपून बी बनवू. शाळेसमोरची जागा पडूनच हाय. चुटकीचं काम हाय!"

काकांच्या लेखी सगळंच चुटकीचं काम असे. बोअरला पाणी लागणं चुटकीचं, पोरीचं लग्न जमवणं चुटकीचं आणि दोन पिढ्या चाललेली त्यांच्या चुलतभावांची बांधाची केसही चुटकीची. त्या चुटक्या कधी वाजल्याचं मी ऐकलं नाही. तरी पोळा झाला आणि काकांनी श्रमदान पुकारलं. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मैदान तयार पाहिजे, म्हणजे पोरं परत येतील, असा त्यांचा हिशेब.

नुसत्या श्रमदानाला कुत्रं येणार नाही, हे काकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रोडग्यांचं जेवण ठेवलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी म्हटलं की आमच्याकडे रुसलेला जावईसुद्धा येतो. अख्खं गाव आलं. तरणीताठी मंडळी मोटारसायकलवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. "काका, इकून उतार घ्या, तिकून भर टाका." कुदळी हातात घेतल्या त्या म्हाताऱ्यांनी.

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. त्या म्हाताऱ्यांच्या हातांना सपाट जमीन म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. त्यांनी ढेकळं फोडली, पाणी शिंपडलं, चोपण्यानं धोपटून धोपटून जमीन गुळगुळीत केली. बायकांनी न सांगता शेणानं सारवून काढलं. मी हात धुऊन येतो तर काका स्वतः मधोमध खड्डा खणत होते.

"काका, हा खड्डा कशाला?"

"तिवडा रोवाले," काका म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. मळणीचे बैल बांधायच्या खांबाला तिवडा म्हणतात. दिवसभर घाम गाळून आम्ही पोरांसाठी एक उत्तम खळं तयार केलं होतं.

आता खळं म्हटल्यावर ते रिकामं कसं राहील? दसऱ्याच्या आगेमागे आभाळ भरून आलं आणि लोकांनी काढलेलं सोयाबीन मैदानावर आणून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मी तावातावानं काकांना शोधत गेलो, तर पहिला ढीग त्यांचाच.

"वावरात भिजून राह्यलं होतं, गुरुजी," ते खाली मान घालून म्हणाले. "इथं कसं झ्याक वाळते!"

सोयाबीन गेलं, तूर आली. तूर गेली, लग्नसराई आली, मांडव पडले, त्यांच्या खांबांचे खड्डे राहिले. प्रत्येक वेळी काका घमेलं घेऊन खड्डे बुजवायचे. मी म्हणायचो, "काका, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे." ते म्हणायचे, "तुमी काहून असे मेल्यावानी बोलता जी? धरा ते फावडं." मी धरायचो. माझा विश्वास नव्हता, पण त्या माणसाला एकट्याला खणताना पाहवत नसे.

उन्हाळ्यात खेळणी उभी राहिली. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे झोके, बोअरच्या पाइपांचा सांगाडा आणि वर पत्र्याची घसरगुंडी. वैशाखात, भर बाराला, काकांनी तिची पहिली परीक्षा घेतली. आरोळी अर्धीच राहिली. काका घसरले नाहीत, उडाले. पुढचे काही दिवस त्यांनी पारावरच्या सगळ्या चर्चा उभ्यानं केल्या. मग कोणाचं काही न ऐकता अख्खी घसरगुंडी उपटून कडुलिंबाच्या सावलीत हलवायला लावली. "लेकराचं बूड हाय ते," एवढंच म्हणाले.

जून आला. शाळा उघडायच्या दिवशी काकांनी घसरगुंडीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि धुतलेलं धोतर, टोपी घालून मैदानाच्या कडेला उभे राहिले. मीही उभा होतो. मला त्या दिवशी, उगाच का होईना, बरं वाटत होतं.

पिवळी व्हॅन आली. आणि ती फाट्यावर थांबली नाही. आजवर गावात वळायला जागा नाही, म्हणून ती बाहेर थांबायची. लेकराला फाट्यापर्यंत पोचवणं नको, एवढ्यासाठीच काही घरांनी आमची शाळा धरून ठेवली होती. आता ड्रायव्हरनं आमच्या टणक, सपाट मैदानावर झोकात वळसा घेतला आणि आमच्या शाळेच्या दारासमोर गाडी उभी केली. मैदान पाहायला जमलेल्या आयांनी ते पाहिलं. "घरापाशी येते का आता? मंग बरं झालं बाई," कोणीतरी म्हणालं. आठवडाभरात उरलीसुरली पोरंही व्हॅनमध्ये बसली.

शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडल्याचा आदेश आला आणि माझी बदली केनवडकडे झाली. मला रडू आलं. इतकी मेहनत करून आम्ही शाळा वाचवली नव्हती, तिच्या मुळावर घाव घातला होता.

शाळेला कुलूप लावलं त्या दिवशी दुपारी काकांचा निरोप घ्यायला गेलो. त्यांचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. काकू गेल्यापासून ते एकटेच. ओसरीवर ताट वाढलेलं होतं, भाकर, वरण, कांदा. काका समोर बसले होते, पण जेवत नव्हते. सवयीनं मी समजूत घालायला लागलो. मैदान वाया गेलं नाही, संध्याकाळी व्हॅनमधून उतरलेली पोरं झोक्यांवर तुटून पडतातच की.

"खेळतेत ना. खेळू द्या," काका म्हणाले. "पन संध्याकाळी सारंच गाव बोलते जी. वांधा दुपारचा हाय."

मला कळलं नाही.

"दुपारी तुमचे पोट्टे जेवाले बसत. भिताडाच्या पलीकून त्याईचा तो जेवनाचा श्लोक आयकू ये. मी बी तवाच ताट घेऊन बसो. सारे संग जेवून राह्यले असं वाटे. तुमची काकू गेल्यापासून मी एकट्यानं कधी जेवलोच नाही, गुरुजी." ते भिंतीकडे पाहत राहिले. "आता ताट वाढतो, आन कवा सुरू करू तेच समजत नाही."

ज्या माणसाला मी वर्षभर खुळा समजत होतो, तो आपल्या जेवणाच्या पंगतीसाठी लढत होता, हे मला त्या दिवशी, तिथं, त्या ताटासमोर कळलं.

मी चपला काढल्या. त्यांच्या शेजारी मांडी घातली, हात जोडले, डोळे मिटले आणि रोज पोरांकडून म्हणवून घ्यायचो तो श्लोक म्हणायला लागलो. अर्ध्यावर आवाज फाटला. कसाबसा संपवला. डोळे उघडले तर काकांचा हात भाकरीवर तसाच थांबलेला.

"पोट्टे याच्याहून जोरानं म्हनत," ते म्हणाले.

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं म्हटला.